हलका हात

छायाला गिटारचं वेड लागलं ते पंचेचाळिशीत. लेक सृष्टी नोकरीला पुण्याला गेली आणि तिची गिटार घरीच राहिली. मळ्यातले गुलाब पंचवटीच्या फुलबाजारात पाठवून झाले की छाया गंगापूर रोडवरच्या क्लासला जाऊ लागली. शिकवणारी हर्षाली तिच्या लेकीच्याच वयाची.

छायाचा हात फुलांची कात्री चालवून कमावलेला. तारा ती अशा दाबायची, जणू त्या पळूनच जाणार होत्या. एफ कॉर्ड तर काही केल्या वाजेना. पहिल्या बोटाने सगळ्या तारा एकदम दाबायच्या, आणि निघायची नुसती फटफट! मग ती आणखी जोर लावायची. अंगठा ठणकला तरी हटली नाही. एके सकाळी मनगट टरारून सुजलं. कात्री धरवेना.

"लय झालं आता गिटारचं," सासूबाई पुतळाबाई म्हणाल्या आणि स्वतःच फुलं तोडायला निघाल्या. छायाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. सूज उतरल्यावर ती क्लासला गेली, तर सगळं ऐकून हर्षाली रागावलीच.

"काकू, दुखतंय म्हणजे हात तयार होतोय, असं नसतं. दुखलं की थांबायचं."

मग तिने छायाचं बोट फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्टीच्या, अगदी लगत ठेवलं, मनगट सरळ केलं. "आता नुसतं टेकवा. सूर साफ लागेपर्यंतच दाबा. त्यापुढे जोर नको."

तेवढ्याशा दाबाने सूर लागला! छाया बघतच राहिली. इतके दिवस ती उगाच कुस्ती खेळत होती. मग रियाजच बदलला. थोडं वाजवायचं, हात खाली सोडून मोकळा करायचा, पुन्हा वाजवायचं.

क्लासच्या कार्यक्रमात पोरं भराभर वाजवून गेली. छायाने संथ चाल घेतली. मध्येच अंगठा आखडला. समोर सासूबाई, नवरा, पुण्याहून आलेली सृष्टी. पूर्वीची छाया दातओठ खाऊन रेटत राहिली असती. तिने तारांवरून हात काढला.

"हात आखडलाय. जरा सैल करते, मग वाजवते," ती माईकवर सरळ म्हणाली.

तिने बोटं झटकली, खांदे सोडले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. एफ आला, आणि सहाच्या सहा तारा स्वच्छ बोलल्या.

टाळ्या थांबेनात. पुतळाबाई शेजारणीला मोठ्याने सांगत होत्या, "माझी सून हाय ती. कुणापुढं घाबरत नाय."

छायाने ते ऐकलं आणि मान जरा जास्तच ताठ ठेवून ती स्टेजच्या पायऱ्या उतरली.