शेवंताच्या अंगातला कैलास

लंकाबाई कासारणीला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पण मनगटं तोंडपाठ. नाशकातून बांगड्यांची टोपली घेऊन ती मखमलाबादच्या मळ्यांत यायची. दाराआडून नुसता हात बाहेर आला तरी सांगायची, "साळूबाई, माहेरी लय तूप खाल्लंस गं!"

त्र्याऐंशी सालच्या वैशाखात तिला गोटीराम माळ्याच्या घरून बोलावणं आलं. त्याची सतरा वर्षांची पोर शेवंता, तिच्या उपासांचं उद्यापन होतं. साधंसुधं नाही, दोनशे पान! पोर जेवत नाही, म्हणून अख्खं गाव पुरणपोळ्या जेवणार होतं.

झालं होतं असं. वर्षापूर्वी शेवंताला बघायला येवल्याचे पाहुणे आले. पोह्यांची तिसरी बशी चाटूनपुसून मुलाची आई म्हणाली, "मुलगी अंगानं जरा जास्तच भरलीय." त्या बाईला स्वतःला पाटावरून उठवायला चार माणसं आणि एक बैल लागला, ते कोणी मोजलं नाही. पाहुणे गेले, बोलणं मागं राहिलं.

शेवंतानं सोमवार धरला. मग गुरुवार. मग शनिवार. आठवड्याचे वार संपले तशी एकादशी, चतुर्थी, प्रदोष निघाले. इतर बाया उपासाच्या दिवशी रोजच्या दुप्पट खातात. ही साबुदाण्याचं ताट तसंच सारायची.

तिची आई अंबूबाई आधी ओरडली. पण एके दिवशी साळूबाईनं पोरीच्या पाया पडून घेतलं, आणि तिची भाकड म्हैस दुसऱ्या दिवशी दूध द्यायला लागली. साळूबाईनं तसं सांगितलं तरी. मग काय विचारता! पोर भर उन्हात स्वेटर घालून बसते? "अंगात कैलास उतरलाय," अंबूबाई म्हणाली. केस गळतात? वैराग्य. झेंडू खुडताना वाफ्यात कोसळली? समाधी! नारळांचा ढीग छपराला लागला.

अशा घरात लंकाबाई ओसरीवर टोपली सोडून बसली. पंचवीस बाया हात पुढं करून रांगेत. "पहिला मान शेवंताचा," अंबूबाई म्हणाली.

लंकाबाईनं पोरीचा हात हातात घेतला आणि तिची बडबड बंद पडली. हात माठातल्या पाण्यासारखा गार. त्यावर बारीक पांढुरकी लव, नुकत्या जन्मलेल्या पोरासारखी. अडीचाच्या मापाची बांगडी घातली ती खांद्यापर्यंत गेली. सव्वादोनाची कोपरापर्यंत. मग लंकाबाईनं टोपलीच्या तळातून बालवाडीच्या पोरींची बांगडी काढली. ती बेतात बसली. पाहुणे यायच्या आधीच्या संक्रांतीला याच मनगटाला तेल चोळून बांगडी चढवावी लागली होती.

"अंबूबाई, पोरीला पाळी येती का?" तिनं हळूच विचारलं.

"सहा महिने नाय! देवानंच विटाळ काढून घेतला बघा," अंबूबाई अभिमानानं म्हणाली.

लंकाबाई जराशी मागं सरकली. "असंय होय? मग पिंपळगावची गोष्ट ऐका. तिथंही एक पोर अशीच उपास करायची. हलकी हलकी होत गेली आणि एकदा वारं सुटलं तशी उडाली! बाप पाय धरून लोंबकळतोय, आई लुगडं धरून. थेट द्राक्षाच्या मांडवावरून गेली, कावळ्यांनी वाट दिली."

बाया खो खो हसल्या. शेवंता हसली नाही. तिनं अगदी हळू विचारलं, "मग ती खाली आली का?"

हसू जागच्या जागी थांबलं.

"तुला यायचंय का गं खाली?" लंकाबाईनं विचारलं.

पोर खाली बघत म्हणाली, "येत नाय मला. घास घेतला की भ्याव वाटतं."

लंकाबाईनं टोपली झाकली. "या घरात मी बांगडी भरणार नाय. आधी हिला डाक्टरकडं न्या."

"भरल्या दारातून कासारीण उठती? अपशकुन करतीस होय गं, रांडे!" अंबूबाई किंचाळली.

"हां, करते. भरायच्या तर बोलवा दुसरी कासारीण."

बांगड्या भरल्याशिवाय उद्यापन पुरं होत नाही. दुसरी कासारीण पेठेत, आणि पुरण तर शिजलेलं. उद्यापन अडलं. शेवटी गोटीराम म्हणाला, "टेंपो तसाही फुलं घेऊन नाशकाला निघालाय. दाखवून आणू." टेंपोत चढवायला त्यानं पोरीला उचललं. रोज झेंडूच्या पाट्या उचलणारा माणूस तो. त्याला वजन कळलं. तिला तसंच धरून तो कितीतरी वेळ उभा राहिला. मग स्वतः मागं फुलांत बसला, पोरीला मांडीवर घेऊन.

नाशकातल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाल्या, "कैलास नाही हा, आजार आहे. अंगाला जाळायला काही उरलं नाही, म्हणून थंडी, म्हणून लव. पाळी थांबली, हाडं पोकळ होतायत, काळीज सावकाश चाललंय. आणखी दोन महिने थांबला असतात तर तेही थांबलं असतं. मुलगी हट्टी नाही. जाडीची भीती मनात घर करून बसलीय. ओरडून जेवू घालाल तर आणखी बिघडेल. भरती करा. आणि मनाच्या डॉक्टरांनाही दाखवायचं."

दोनशे पानं त्या दिवशी गाव जेवलंच. पुरण वाया कसं घालवायचं?

शेवंता दीड महिना दवाखान्यात होती. नंतरही घास कधी जायचा, कधी रडून परत यायचा. गोटीराम शेजारी बसून आपला जेवायचा, तिच्या ताटाकडं न बघता. अंबूबाईनंही जप बदलला. आता ती मळाभर सांगायची, "आमच्या शेवंताला विलायती आजार झालाय. सगळ्यांना नाय होत तो!"

दिवाळीला लंकाबाई आली. शेवंतानं हात पुढं केला. हात कोमट होता. लंकाबाईनं सव्वादोनाची बांगडी चढवली, ती अंगठ्यापाशी अडली.

"आई गं!" शेवंता ओरडली. लगेच तिचा चेहरा उतरला. "माप वाढलं का हो, मावशी?"

"छे!" लंकाबाई म्हणाली. "यंदा काचच मेली आखडलीय. थंडीनं."

शेवंतानं तिच्याकडं पाहिलं. थाप तिला कळली होती. तरी तिनं दुसरा हात पुढं केला.