जास्तीची नीळ

"ही निळी साडी कुणाची गं?"

दीक्षाने कपाटाकडे पाहिलं. "तुझीच, आजी. विहारात नेसतेस ती."

"ऑपरेशन डोळ्याचं झालंय, डोक्याचं नाही. माझी पांढरीशुभ्र आहे."

मंदाकिनीबाईंनी परवाच पट्टी निघालेला उजवा डोळा हलकेच झाकला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू अजून होता. त्याला साडी पांढरी दिसली. मग डावा झाकला. साडी निळीभोर!

उभा जन्म हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत गेलेला. त्यांनी धुतलेली चादर म्हणजे बगळ्याचा पंख. आणि इथे घरी, साडी पिवळट दिसते म्हणून दर धुण्याला त्या नीळ वाढवत गेल्या होत्या. पिवळं पडलं होतं ते डोळ्यातलं भिंग. पुण्याची माणसं सगळं तोंडावर बोलतात म्हणे, पण याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"भिंगातली प्रथिनं जन्मभर तीच राहतात," बायोकेमिस्ट्री शिकणारी दीक्षा समजावू लागली. "ती खराब होऊ नयेत म्हणून काही एन्झाइम्स पहारा देतात. वय झालं की तीही थकतात."

"थकतील नाहीतर काय! जन्मल्यापासून ड्यूटी, ना रजा ना पेन्शन. पण तू कुठं थकली होतीस? वर्षभर मूग गिळून गप्प बसलीस!"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि विहारात बायका हसत असतील, ते चाललं?"

संध्याकाळी विहारातली तेजस्विनी कोरी पांढरी साडी घेऊन आली. "ताई, उद्या बुद्धपौर्णिमा. ही नेसा. आणि वंदना या वेळी मी सांगते. तुम्ही मागे आरामात बसा, डोळा नाजूक आहे ना."

"वंदना मी तोंडानं सांगते, बाई."

बोलल्या खऱ्या, पण आत कळ उठली. पुढे बसून वंदना सांगणं, एवढंच आता त्यांचं स्वतःचं उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंदाकिनीबाई तीच जुनी साडी कडक खळ देऊन, नेसून विहारात आल्या. कुजबुज झाली.

"अहो ताई, पांढरी दिली होती ना?" तेजस्विनी म्हणाली.

"हीही पांढरीच. जास्तीची नीळ माझ्या हातची. आणि निळा रंग आपल्याला कधीपासून परका झाला?"

कुणी हसलं नाही. तेजस्विनी जरा सरकली आणि बाई पुढे जाऊन बसल्या. एकदाच उजवा डोळा झाकावा, असं त्यांना फार वाटलं. साडी पांढरी दिसली असती. हात वर आलाही होता. तो त्यांनी दुसऱ्या हाताला जोडला आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून वंदना सुरू केली. मागून बायकांनी साथ दिली, त्यात तेजस्विनीचाही आवाज होता.