मामाने न घेतलेली हरकत

आमच्या लॉण्ड्रीला मालक नाही. आम्ही एकवीस जण मिळून ती चालवतो, हॉस्पिटलांच्या चादरी धुतो. धुलाईचा एक गट, इस्त्रीचा एक, आणि रफूच्या गटात मी, माझा मामा आणि आणखी दोघी. ठराव सगळ्यांना आवडलाच पाहिजे असं नाही, पण एकाचीही कारण देऊन हरकत असली तर तो पुढे जात नाही. आधी दुरुस्त करायचा, मग पुन्हा विचारायचं. 'वाईट वाटतं' हे कारण धरायचं नाही, कामाचं काय बिघडेल ते सांगायचं. बैठका मी चालवायचे, त्यामुळे हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणेन.

आणि मामा म्हणजे हरकतींचं दुकान! साबण बदलला, हरकत. चहाची वेळ बदलली, हरकत. इस्त्रीवाले त्याला 'हरकतमामा' म्हणायचे आणि तोही हसायचा. खरं सांगायचं तर त्याच्या निम्म्या हरकतींनी आमचं भलंच झालं होतं. पण घरी जायची घाई असली की ते कोणाला आठवतं?

त्या वर्षी इस्त्रीचं नवं मशीन यायचं होतं. ते खालच्या खिडकीशी बसवावं आणि तिथलं रफूचं टेबल वरच्या खोलीत न्यावं, असा इस्त्रीच्या गटाचा ठराव होता. दोन्ही गटांची बैठक ठरली. आधीच दोनदा लांबलेली. त्या दिवशी मामा माझ्याकडे आला. "अगं, ऐक ना, त्या खिडकीचं जरा..."

"मामा, पाया पडते तुझ्या," मी म्हटलं, "या एका ठरावात तरी मोडता घालू नकोस."

तो काय सांगायला आला होता ते मी विचारलंच नाही. जीभ झडली असती का माझी?

बैठकीत एकेकाला विचारत मी मामापाशी आले. त्याने चष्मा पुसला. "हरकत नाही," म्हणाला. क्षणभर कोणाला खरंच वाटेना. "मामा, आज सूर्य कुठून उगवला?" असं म्हणत इस्त्रीवाल्यांनी टाळ्या पिटल्या. आणि सगळ्यांत जोरात, जळ्ळं माझं लक्षण, मी.

वर खिडकी नव्हती, नुसती ट्यूबलाइट होती. तीन महिन्यांत मामाने रफू केलेल्या चादरी परत यायला लागल्या. टाके वाकडे, रफू सुटलेलं, एकदा तर दोन चादरी एकमेकींना शिवलेल्या. आम्ही पोट धरून हसलो. मग मी त्याच्यावर डाफरलेसुद्धा, लक्ष कुठे असतं तुझं म्हणून. गेलं वर्षभर तो रोज सकाळी माझ्याकडून दहा सुया ओवून घ्यायचा. लाडावलायस, म्हणत मी ओवून द्यायचे. मला वाटायचं, मामी गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, भाचीशी दोन शब्द बोलायचं निमित्त.

पुढच्या बैठकीत मामाने स्वतःच ठराव मांडला. "मी काम थांबवतो. माझ्या चादरी या तिघींनी वाटून घ्याव्यात. डोळे गेलेत माझे. डॉक्टर म्हणतो, बरं होण्यातलं नाही."

"टेबल परत खाली आणू," मी म्हटलं.

"आता खिडकीही पुरणार नाही गं. तेव्हा पुरत होती. वर्ष-दोन वर्षं निघाली असती."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"आलो होतो की तुझ्याकडे."

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. ते टेबल म्हणजे त्याचं सगळं होतं, आणि ते मीच त्याच्या हातून काढून घेतलं होतं.

सगळ्यांना विचारून झालं. खाली मान घालून एकेकाने हरकत नाही म्हटलं. शेवटी मी उरले.

"माझी हरकत आहे."

"कारण?" मामाने विचारलं.

"मला वाईट वाटतंय, मामा."

"ते कारण धरत नाहीत, बाळा," तो हळूच म्हणाला. "कामाचं काय बिघडेल ते सांग."

कामाचं काहीच बिघडणार नव्हतं. खाली मशीन झकास चाललं होतं, रफूला आम्ही तिघी पुरेशा होतो. मी खूप शोधलं, पण एक कारण सापडेना.

"हरकत नाही," मी म्हटलं.

मामाने एकट्यानेच टाळ्या वाजवल्या, मला हसवायला.