शिंकेचा किडा

शनिवारी सकाळची गाडी तिगावला थांबली की पांढुर्ण्याकडून आलेले लोक नाकाला रुमाल लावून स्टेशनामागच्या जुन्या गोदामाकडे चालू लागत. नऊ वाजेपर्यंत रांग रस्त्यावर यायची. आत शेगडी, तिच्यावर लोखंडी तवा आणि शेजारी पाण्याची परात. आजारी माणसानं परातीवर वाकायचं. धुरीवाले महाराज त्याच्या डोक्यावरून घोंगडी ओढायचे आणि तिची कड उचलून तव्यावर तुपात भिजवलेलं चिमूटभर 'मंतरलेलं बी' टाकायचे. आत माणूस खोकून शिंकून बेजार व्हायचा. पाच मिनिटांनी घोंगडी निघाली की परातीत पांढरे बारीक किडे तरंगताना दिसायचे आणि रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या.

"शिंक मानसाले येत नाही," महाराज सांगायचे. "शिंकते तो किडा. नाकाच्या मुळाशी त्याची सात पिढ्यांची वस्ती राहते. डॉक्टर लोक शिंक दाबतात. मी शिंकनाराच उचलतो."

मग आठवड्याभराचा प्रसाद मिळायचा, काळ्या गुळाच्या गोळ्यांची पुडी. सकाळी दोन गोळ्या, उपाशीपोटी.

प्रज्ञा दाराशी आईची वाट पाहत उभी होती. ती गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिची आई वच्छला संत्र्याच्या बागांत तण निंदायला जायची. पावसाळ्यात बांधावरचं गाजरगवत फुललं की वच्छलाचं नाक वाहू लागे, डोळे सुजून लाल होत आणि श्वास कोंडला की ती रात्र रात्र भिंतीला टेकून बसे. बारा वर्षं हेच चाललं होतं.

"आई, घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. बावीस प्रतिज्ञा तुले पाठ आहेत. अन् तू ह्या रांगेत?"

"पाठ आहेत," वच्छला म्हणाली. "पन बारा वर्षांत मी ह्याच साली सुखानं निजून राहिली. तुह्या विज्ञानानं निजवलं होतं का मले?"

आईला खरोखरच आराम पडला होता. चार महिन्यांत शिंक नाही, खाज नाही. उलट भूक वाढली होती, चेहरा भरून गोल झाला होता आणि शेजारणी तब्येत बनली म्हणून कौतुक करत होत्या. पायाच्या अंगठ्यात रुतलेल्या काट्याची जखम मात्र महिना उलटूनही भरत नव्हती. प्रज्ञाला हे सगळं दिसत होतं. पण तिचं लक्ष किड्यांवर होतं.

त्या दिवशी आईच्या लुगड्याला चिकटलेलं एक चपटं, पिवळसर बी तिला सापडलं. ते तिनं लगेच ओळखलं. बांधावरच्या काटेरी रिंगणीचं बी होतं ते. तिनं रिंगणीची पिकली फळं तोडून आणली, बिया भिजवल्या आणि शाळेतल्या भिंगाखाली टाचणीनं एक बी फोडलं. आतून वेटोळं घातलेला पांढरा धागा निघाला. तो बियातला कोंब होता. त्याला तोंड नव्हतं, पाय नव्हते. मग तिनं घरच्या तव्यावर तुपाच्या थेंबात त्या बिया टाकल्या. बिया तडतडून फुटल्या, आतले कोंब उडाले आणि शेजारच्या ताटातल्या पाण्यात महाराजांचे किडे तरंगू लागले.

पुढच्या शनिवारी ती स्वतः रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिनं कोपऱ्यातला पाण्याचा रिकामा माठ उचलून परातीपाशी ठेवला आणि त्याच्यावरून, परातीवरून आणि तव्यावरून घोंगडी ओढली.

"महाराज, आधी ह्या माठाले धुरी द्या. मंग मी बसतो."

लोक हसले. महाराज हसले नाहीत, पण इतक्या माणसांसमोर त्यांना मागेही सरता येईना. बी तव्यावर पडलं. पाच मिनिटांनी प्रज्ञानं घोंगडी उचलली. परातीत किडे होते.

"माठाले कवापासून शिंका येऊन राहिल्या?" तिनं विचारलं. मग मूठभर रिंगणीच्या बिया लोकांपुढे धरून तिनं सगळा खेळ उलगडून सांगितला. तिचं बोलणं संपेपर्यंत महाराज मागच्या दारानं जीपमध्ये बसून निघून गेले होते.

गोदामात गलका झाला. संत्र्याच्या पेट्या भरणारा चिंधू पुढे आला. महाराज आले तेव्हापासून तो गोळ्या खात होता आणि भेटेल त्याला त्यांचे गुण सांगत होता.

"अन् ह्या गोळ्या, म्याडम?"

"फेकून द्या," प्रज्ञा म्हणाली. "किडे खोटे, तर गोळ्या कायच्या खऱ्या?"

चिंधूनं पुडी नालीत टाकली. त्याच्यामागून इतरांनीही टाकल्या. रांगेत मागे उभी असलेली वच्छलाही घरी आली, तिनं डबीतल्या गोळ्या चुलीत ओतल्या आणि लेकीशी न बोलता जेवायला बसली. त्या रात्री प्रज्ञाला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

मंगळवारी वच्छलाला ओकाऱ्या सुरू झाल्या. बुधवारी सकाळी ती अंगणात उभी राहिली आणि तिथंच कोसळली. हातपाय गार पडले होते, हाक मारली तर नजर वर येत नव्हती. प्रज्ञानं तिला पांढुर्ण्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तेजस्विनी वयानं तिच्याएवढीच होती. तिनं रक्तदाब पाहिला, साखर तपासली, वच्छलाच्या गोल चेहऱ्याकडे आणि न भरलेल्या जखमेकडे पाहिलं.

"ह्या कोणतं औषध घेत होत्या?"

"औषध नाही. महाराजाच्या गुळाच्या गोळ्या. पण त्या शनिवारपासून बंद आहेत."

"कोणी बंद केल्या?"

"मी," प्रज्ञा म्हणाली.

सलाईन लावून, इंजेक्शन देऊन झाल्यावर डॉक्टरनं समजावलं. त्या गुळात बहुतेक स्टेरॉइड कुटून घातलेलं असणार. स्टेरॉइडनं शिंका, सूज, दमा दोन दिवसांत थांबतो. ती महाराजांची करामत नव्हती, औषधाची होती. पण रोज इतकं स्टेरॉइड बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडतं. साखर चढते, जखमा भरत नाहीत. आणि ते एकदम तोडलं तर साध्या तापानंही माणूस जाऊ शकतो.

"हळूहळू कमी करत उतरावं लागतं," डॉक्टर म्हणाली. "आणखी किती जणांनी सोडलं?"

प्रज्ञाला सगळ्यात आधी पुडी टाकणारा चिंधू आठवला. तिनं तिथूनच चिंधूच्या घरी फोन लावला. शेजाऱ्यानं उचलला. चिंधू पहाटेच वारला होता.

आईपाशी मावशीला बसवून ती तिगावला परतली तेव्हा चिंधूच्या अंगणात सारा मोहल्ला जमला होता. एक म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता, "देवमानसाले पळवलं. त्याचा कोप झाला. आता एकेकाची पाळी." दोघं जण नव्या पुडीसाठी महाराजांचा पत्ता विचारत होते. प्रज्ञाला पाहताच लोक बाजूला सरले.

चिंधूची बायको पुष्पा उंबऱ्याशी बसली होती. "तू सांगतलं म्हून त्यानं फेकल्या," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि प्रज्ञाला तेच सहन होईना.

"हो, काकू. माही चूक झाली." ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली. "कोप नाही झाला. गुळात दवाई होती, ताकदीची. महाराजानं न सांगता चारली. अन् मी न विचारता तोडली. किडे कुठून येतात ते मी शोधलं. पन आराम काहून पडते, हे नाही शोधलं. माही माय निजत होती, तिचं तोंड सुजत होतं, मी रोज पाहून राहिली होती. तवाच विचारलं असतं तर काका आज असते."

मग ती जमलेल्या लोकांकडे वळली.

"ज्यानं ज्यानं गोळ्या सोडल्या, त्यानं आत्ता दवाखान्यात चला. उरलेली पुडी संग घ्या. लपवू नका, डॉक्टरले खरं सांगा. चक्कर येत असन, ओकारी होत असन, तर सकाळची वाट पाहू नका."

मग पुष्पानं उठायचा प्रयत्न केला आणि तिचा तोल गेला. बायकांनी तिला सावरलं. दुःखानं होतंय, असं कुणी तरी म्हणालं.

"दुःखानं नाही," पुष्पा क्षीण आवाजात म्हणाली. "नाक माह्यंबी वाहे. त्याच्याच पुडीतून खात होती मी. माह्याबी शनिवारपासून बंद आहेत."

प्रज्ञानं तिला दंडाला धरून ऑटोत बसवलं. तिच्यामागून आणखी तिघं निघाले, मग पाच. म्हातारा अंगणातच बसून राहिला.

पुष्पा वाचली. वच्छलाही वाचली, पण तिच्या पायाचा तो अंगठा कापावा लागला आणि साखरेच्या आजाराची गोळी जन्माची मागे लागली. एकाच्या खिशात राहिलेली पुडी नागपूरच्या प्रयोगशाळेत गेली, तिथून गुळात स्टेरॉइड असल्याचा कागद आला आणि तो पोलीस ठाण्यात जमा झाला. महाराज अजून सापडलेले नाहीत. कुठल्या तरी दुसऱ्या गावात तवा तापत असेल.

वच्छला आता नाकात डॉक्टरनं दिलेला फवारा मारते, बागेत जाताना तोंडाला ओलं फडकं बांधते, आणि फुलायच्या आत गाजरगवत उपटायला प्रज्ञा, त्रास होऊ नये म्हणून, शाळेतल्या मुलांना नाही, हातमोजे घातलेल्या मोठ्या माणसांना घेऊन जाते. शिंका पुरत्या थांबलेल्या नाहीत. गोदामात जितका लवकर आराम पडायचा, तितका पडतही नाही.

चमत्कार खोटा ठरवून काम संपत नाही, हे प्रज्ञा आता प्रत्येक वर्गाला सांगते. कुणी आराम देत असेल तर तो कशानं पडतो ते विचारा. नाव विचारा, मात्रा विचारा, सोडायचं कसं ते विचारा. ज्याला सांगता येत नाही, त्याच्या हातचं खाऊ नका. आणि खाल्लं असेल, तर लाज न धरता डॉक्टरला सांगा. चिंधूला हे सांगायला कुणी नव्हतं. जी होती, ती अर्धंच सांगून घरी गेली होती.