गरुडाला दिलं जाणारं कावळ्यांचं नाव

समुद्रकाठच्या स्किडगेट गावात हायडा लोकांची दोन कुळं, कावळे आणि गरुड. लॅव्हिनामावशी नव्वदीला टेकली होती, आणि कावळ्यांच्या कुळात घडाघडा हायडा भाषा बोलणारी आता ती एकटीच उरली होती. बाकीचे सगळे तिच्या भाचीसारखे, वर्नासारखे. चार वाक्यं जुळवायची आणि पाचव्याला इंग्रजीवर घसरायचं. वर्ना रोज सकाळी मावशीच्या स्वयंपाकघरात बसून भाषा शिकायची आणि मावशी तिला मनसोक्त झापायची.

"तुझं हायडा ऐकून पातेल्यातला हॅलिबट मासा परत समुद्रात जाईल गं!"

वर्नाचा थोरला मामा, म्हणजे मावशीचा भाऊ, जाऊन वर्ष झालं. त्याच्या थडग्यावर दगड बसवला आणि त्या संध्याकाळी सभागृहात मेजवानी होती. मामाचं नाव आता वर्नाच्या मुलाला, ड्वेनला, मिळायचं होतं. आमच्यात कूळ आणि नाव आईकडून येतं. ते द्यायचं कावळ्यांच्या वडीलधाऱ्या बाईनं आणि ऐकायचं पाहुण्या गरुडांनी. गरुडांनी ऐकून भेटवस्तू स्वीकारल्या की झालं पक्कं, मग माघारी घ्यायची सोय नाही.

मावशी अलीकडे मधूनच हरवते, हे वर्नाला ठाऊक होतं. "दुसऱ्या कुणाला तरी बोलू दे," असं तिचा भाऊ म्हणालाही होता. वर्नानंच उडवून लावलं. "मग कोण बोलणार? तू? तुला साधा चहा मागता येत नाही हायडात!"

जेवणं उरकली. गुंड्या शिवलेलं लाल-काळं घोंगडं पांघरून मावशी उभी राहिली, वर्ना तिच्या कोपराला धरून. आणि काय बोलली म्हातारी! ओसाड पडलेली जुनी गावं, होड्या, मामाच्या खोड्या. गरुडांकडची म्हातारी माणसं हसता हसता डोळे पुसत होती. वर्नाला निम्मंच कळलं, तरी तिचा ऊर भरून आला. मग मावशीनं हात पुढे केला, तो ड्वेनकडे नाही, गरुडांच्या टेबलाकडे.

"ये रे, पुढं ये."

तिथं टेरन्स बसला होता, मावशीच्या मुलाचा मुलगा. आई गरुड, म्हणून तोही गरुड. चेहरा मात्र हुबेहूब थोरल्या मामाचा. तो गोरामोरा होऊन उठला.

"आजी, मी नाही गं. मी टेरन्स."

"गप! किती वाट बघायला लावलीस."

मामाचं नाव मावशी आता यालाच देणार, हे वर्नाला कळलं. नाव तोंडातून सुटलं की ते कावळ्यांच्या हातून गेलं, ड्वेनचं गेलं, त्याच्या भाच्यांचंही गेलं. थांबवावं तर सगळ्या गावादेखत मावशीला गप्प करायचं. हीच भाषा बोलली म्हणून पोरवयात शाळेत थोबाडीत खाल्लेल्या बाईला! मावशीनं श्वास घेतला.

वर्नानं तिच्या तोंडावर हात ठेवला. मग तिनंच मोडक्यातोडक्या हायडात नाव पुकारलं आणि ड्वेनला पुढे ओढलं. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

चारचौघांत झालेली लाज भेटवस्तू देऊन धुवायची रीत असते, तीही वर्नानं पाळली. मावशीच्या नावानं तिनं गरुडांना स्वतःच्या अंगावरचं घोंगडं दिलं, हातातली चांदीची कडी काढून दिली. गरुडांच्या म्होरक्यानं ते सगळं घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "धुतली लाज. लॅव्हिनाबाईंकडून आज काही चुकलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. रीतीप्रमाणे विषय संपला.

सकाळी वर्ना गेली, तर मावशी चहा घेऊन बसलेली, डोकं अगदी ठिकाणावर.

"मावशी, माफ कर गं मला," वर्ना हायडात म्हणाली.

"तू बरोबर केलंस," मावशी इंग्रजीत म्हणाली.

"मग आपल्या भाषेत बोल ना. शिव्या दे मला!"

"नको बाई. पुन्हा कुणाचं तरी काहीतरी देऊन बसेन." हेही इंग्रजीतच.

वर्नानं आर्जवं केली, रडून पाहिलं. मावशीनं तिच्यापुढे पाव सरकवला, पण हायडाचा चकार शब्द काढला नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढं कधीच नाही.

त्या सकाळी वर्ना तिथंच बसली असताना ड्वेनचा फोन आला. पोरगा खुशीत होता. "आई, सगळे विचारतायत, माझ्या नावाचा अर्थ काय गं?"

वर्नाला निम्माच अर्थ ठाऊक होता. तिनं मावशीकडे पाहिलं. मावशी कपात बघत राहिली.

"सांगते," वर्ना म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.