नियमाने तेरा

बावीस वर्षं मी नदीवरच्या पुलाच्या खांबावरची पाण्याची मोजपट्टी वाचली. दर तासाला आकडा बघायचा, वहीत लिहायचा, कार्यालयाला फोन करायचा. पंधरा फूट झाले की तिकडून भोंगा वाजवतात आणि पुलाच्या खालच्या अंगाची वस्ती रिकामी होते. डोकं चालवायचा पगार तुम्हाला नाही, असं साहेब येता-जाता ऐकवायचे. मीही म्हणायचे, बरंच आहे, तेवढीच झीज कमी.

दोन वर्षांपूर्वी वस्तीच्या समोरच्या काठावर, कारखान्यांसाठी, उंच भिंत बांधली. तिकडे पसरणारं पाणी मग जाणार कुठे? आलं वस्तीत. मागच्या वर्षी पुलावर तेराच असताना तिथे कमरेएवढं पाणी झालं. माझी धाकटी बहीण तिथेच राहते, आणि तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. नवरा-बायकोनं त्यांना कसंबसं टेबलावर चढवलं आणि दोघं तीन तास धरून उभी राहिली. त्याच वेळी मी वळणदार अक्षरात 'तेरा, धोका नाही' असं लिहीत होते. आठवलं की अजून स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

धोक्याचा आकडा खाली आणा, असे चार अर्ज दिले. "धोक्याच्या आकड्यांचा तक्ता वरून येतो," साहेब म्हणाले. वरून तर पाणीही येतं, पण ते निदान थांबून राहत नाही.

यंदा धरणाचे दरवाजे उघडले. दुपारी एकला पट्टीवर साडेबारा. तेवढ्यात बहिणीचा फोन.

"ताई, गटारातून पाणी उलटं यायला लागलंय. भोंगा कधी वाजणार?"

"अगं, त्याची कसली वाट बघतेस? निघ."

"सासूबाईंना उचलायला चार माणसं लागतात. भोंग्याशिवाय कोण हातातलं काम टाकून येतंय?"

मी कार्यालयाला फोन लावला. साहेबांनी विचारलं, "किती?" बावीस वर्षांत मी इंचभरही इकडचं तिकडे केलं नव्हतं.

"पंधरा," मी म्हणाले.

भोंगा वाजला. सासूबाई खुर्चीसकट शाळेत पोहोचल्या. दोन तासांनी त्यांची खाट पाण्याखाली होती. वस्तीत कुणाला खरचटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब पुलावर आले. पाणी उतरलं होतं आणि खांबावर गाळाची रेघ होती, तेरावर.

"बाई, खोटा आकडा दिलात."

"दिला."

"माणसं वाचली, कबूल. पण उद्या तुमच्या आकड्यावर विश्वास कुणी ठेवायचा?"

वही त्यांच्या हातात ठेवली आणि घरी आले.

आता तिथे नवा माणूस आहे. सज्जन, काटेकोर, अगदी माझ्यासारखा. तक्ता तोच आहे. काल पुन्हा पाणी चढायला लागलं, तेव्हा भाजीची पिशवी घेऊन मी पुलावर जाऊन थांबले. त्यानं पट्टी बघितली आणि वहीत लिहिलं, 'तेरा, धोका नाही.'

आधी बहिणीचा फोन आला. मग तिच्या शेजारणीचा, मग कोपऱ्यावरच्या शिंप्याचा, मग ज्यांना मी ओळखतही नाही अशांचे. सगळ्यांचं एकच: "ताई, किती?"

"नियमाने तेरा," मी म्हणत होते. "तुम्ही निघा. खुर्चीची एक बाजू धरायला मी येतेच आहे."