हिऱ्याची मठाटी

लग्नानंतरचा माझा तो पहिला पोळा. आमच्या हिऱ्या बैलाच्या कपाळावरची मण्यांची पट्टी, म्हणजे मठाटी, दरवर्षी माझ्या सासूबाई देवकाबाईच विणायच्या आणि अख्ख्या दवनीवाडा गावात मिरवायच्या. त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, सुईचं भोक दिसेना. "मी विणते जी," मी म्हणून बसले. येत तर काहीच नव्हतं, पण तोंड आधी चालवायची खोडच माझी!

"पटांगणात तुटली, तं माहं नाव जाईन," त्या म्हणाल्या. "माही जुनीच बांधू."

झालं, मी हट्टाला पेटले. गोंदियाच्या बाजारातून पैलूदार काचमणी आणले. "एकदम चमकदार माल है, बहू," दुकानदार छोटेलाल म्हणाला, आणि मी पाघळले.

सासूबाईंनी त्यातला एक मणी चाचपला, दोऱ्यात ओवला आणि जोरात मागेपुढे ओढला. दोऱ्याचे तंतू सुटले.

"कायले आणले हे? चमक पाहून मणी घेतेत का, शामकला? भोकाची धार दोरा कापते. हिऱ्यानं मान झाडली का सारे मणी मातीत!"

असा राग आला मला, आणि तोही स्वतःचाच! पुढच्या बाजारी छोटेलालसमोर ठाण मांडलं आणि मणी दोऱ्यावर घासून घासून पाहिले. "बहू, मोती लेना है या मेरी जान?" तो वैतागला. घरी आणलेले मणी सुपात ओतून सूप कलतं केलं. गोल होते ते घरंगळले, वाकडे होते ते बसून राहिले. वाकडे मी काढून टाकले.

मग शिकवणी सुरू झाली. दोन सुया, एकाच मण्यात समोरासमोरून घालायच्या आणि दोरा ताणायचा. सासूबाई बोटांनी चूक पकडायच्या. "अथी ढील देऊन राहिली तू. उसव!" उसवून उसवून रडकुंडीला आले. पण पहिलं लाल फूल जमलं, तेव्हा चूल सोडून अंगणात उडीच मारली! भात करपला. करपू दे!

पोळ्याच्या सकाळी सासूबाईंनी दोन्ही मठाट्या चाचपल्या आणि माझी पुढे केली.

पटांगणात तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या. डफडी कडाडली आणि हिऱ्या बुजला. त्यानं अशी मान झाडली की मठाटी शेजारच्या बैलाच्या शिंगात अडकली आणि ताणली गेली. मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा घरधन्यांनी ती सोडवली होती, आणि ती हिऱ्याच्या कपाळावर होती.

सासूबाईंनी माझं मनगट आवळलं.

"काय झालं? तुटली का?"

"नाही जी."

"एकबी मणी नाही पडला?"

"एकबी नाही!"

महिनाभर जिनं मला एक गोड शब्द दिला नव्हता, ती म्हातारी डफड्यांच्या वर आवाज काढून ओरडली, "पाहून घ्या रे! माया सुनेनं इनली हे मठाटी!"